कोठार कोणासाठी?

वहिनींना आता नुसत्या दारावरून माणूस ओळखता यायला लागला होता. काचेचं दार असलं की आत बसलेली मुलगी न बघताच म्हणणार, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." लाकडी दार असलं की साहेब स्वतः बाहेर येऊन म्हणणार, "आज नको." आणि दारच नसलं, नुसतं शटर वर केलेलं असलं, तर मालक खुर्ची देणार, सगळं ऐकून घेणार, मान डोलावणार आणि शेवटी विचारणार, "सगळं खरं बाई, पण हे आहे कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी," वहिनी म्हणायच्या.

तसं म्हणायला त्यांना दादांनी शिकवलं होतं. दादा म्हणजे वहिनींचे यजमान आणि कंपनीचे मालक. आता कंपनी म्हटलं की डोळ्यांपुढे इमारत येते, तर तसलं काही आणू नका. रंगाच्या दुकानावर एक खोली, टर्पेंटाइनच्या वासात बुडालेली, तिच्यात तीन टेबलं आणि माणसंही तीनच. दादा विचार करायचे. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचे भाऊजी, ते विचार कॉम्प्युटरवर खरे करून दाखवायचे. आणि जे खरं झालंय ते पिशवीत घालून दारोदार विकायचं काम वहिनींकडे. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या, चांगल्या रमल्या होत्या. पण दोघे भाऊ असे मुखदुर्बळ, की गिऱ्हाईक समोर आलं की एक छताकडे बघणार आणि दुसरा बुटांकडे. मग काय, खडू ठेवला आणि पिशवी उचलली. कुरियरवाल्यापासून रंगवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे.

विकायचं होतं ते 'कोठार'. माहिती साठवायचं सॉफ्टवेअर. तुम्ही म्हणाल, अशी छप्पन्न मिळतात. मिळतात ना! पण कोठाराची एक खोड होती. त्यात एकदा गेलेलं काही पुसलं जात नसे. तुम्ही नवीन आकडा लिहा, जुना खाली तसाच बसून राहणार. कोणी बदलला, केव्हा बदलला, सगळ्यासकट. रुसलेल्या आत्याबाईंना जसा लग्नातला प्रत्येक मानपान आठवतो, तसं. भाऊजींनी तरुणपणाची सगळी वर्षं यात घातली होती. आतली गुंतागुंत अशी, की खुद्द दादांनासुद्धा त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि ते कबूल करायचे.

आणि नेमकी हीच खोड कोणाला नको होती! फर्निचरवाला म्हणाला, "म्हणजे चुकलं तर खोडता येणार नाही? मग धंदा कसा करायचा हो?" शाळेतला कारकून ऐकून इतका घाबरला की त्याने दार लावून घेतलं. जिमवाल्या पैलवानाला तर वहिनी दहा मिनिटं समजावत होत्या, आणि तो शेवटी म्हणतो काय, "ताई, माझी माणसं महिन्याभरात येणं बंद करतात. त्यांचं जुनं वजन घेऊन मी काय करू?" वहिनींनाही हसू आलं. बाहेर आल्यावर मात्र त्या जिमच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या.

दादांचं उत्तर ठरलेलं. "एकाच धंद्याच्या मागे लागलो तर बाकीचे हातचे जातील." हातात एक नाही आणि बाकीचे जातील म्हणे! या माणसाला चिमट्यात धरून विचारावंसं वाटायचं, की बाबा रे, सगळ्यांचा जो असतो तो कोणाचा असतो? पण वहिनींनी कधी विचारलं नाही. मग जो भेटेल त्याच्यासाठी कोठाराला नवे कपडे शिवायचे. हॉटेलवाला भेटणार असला की पडद्यावरच्या शब्दांत 'खोली' आणि 'पाहुणा'. शाळा असली की 'वर्ग' आणि 'विद्यार्थी'. आतलं यंत्र तेच. हे शब्द बदलायचं काम दादा हौसेने स्वतःकडे ठेवायचे, आणि तिथेच घोडं पेंड खायचं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे झालेला तमाशा ऐका. मोठ्या मिनतवारीने वेळ मिळाली होती. दादांनी हॉटेलचे शब्द काढून दाताचे घातले, पण घाईत निम्मेच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून वाचलं, "पाहुणा: उजवी खालची दाढ. मुक्काम किती दिवस?"  डॉक्टरीणबाईंनी पुढचं बटण दाबलं. "पाहुण्याने आज जागा रिकामी करायची आहे. नाश्ता द्यावा का?"

बाई सज्जन होत्या. डोळे पुसेपर्यंत हसल्या, वहिनींना पाणी दिलं, "फारच छान आहे," म्हणाल्या. विकत मात्र काही घेतलं नाही.

असे छान म्हणणारे वहिनींना पुष्कळ भेटले होते. त्यांच्या छानवर चूल पेटली असती तर बघायलाच नको.

त्यानंतरच्या सोमवारी भाऊजींनी दुपारचा डबा उघडला आणि तसाच मिटला. "दादा, मला नोकरी मिळतेय," ते बुटांकडे बघत म्हणाले. "शनिवारपर्यंत कळवायचंय."

दादा नेहमीप्रमाणे छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि उठून गच्चीवर गेले.

यापूर्वीही भाऊजींना दोनदा नोकरी चालून आली होती. दोन्ही वेळा वहिनींनी "भाऊजी, अजून थोडं थांबू या का?" एवढंच विचारलं होतं आणि भाऊजी थांबले होते. या माणसाला वहिनींना नाही म्हणता येत नसे. पण या वेळी संध्याकाळी त्यांची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, कारखान्यातून सुटल्यावर थेट रंगाच्या दुकानापाशी आली. वर आलीच नाही. वहिनींना खाली बोलावून घेतलं. दिवसभर उभ्याने पाकिटं भरून तिची कंबर कामातून गेली होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. वहिनींनी तिच्याशी चार शब्द भांडून घेतले असते.

"ताई," ती म्हणाली, "या वेळी तेवढं थांबू नका म्हणा त्यांना. म्हणजे, थांबवू नका. मी पुन्हा काही मागणार नाही तुमच्याकडे."

"नाही गं थांबवणार," वहिनी म्हणाल्या.

तोंडाने म्हणाल्या, पण जीव कुठे ऐकतो! त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की मी थांबवणार नाही, पण शनिवारच्या आत खरंखुरं गिऱ्हाईक मिळालं तर भाऊजी आपण होऊन थांबतील, जावेला घरबसल्या सुख मिळेल, आणि कोणाला काही म्हणायचीच वेळ येणार नाही. भाऊजी गेले की कोठार गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरा कोणी त्याचं पोट उघडून आत बघू शकणार नव्हता आणि नवा माणूस ठेवायची ऐपत नव्हती. कोठार गेलं की दादांचं काय होईल, हा विचार त्या करायच्या नाहीत. 

मग त्या आठवड्यात वहिनींनी शहर पालथं घातलं. मोटार शिकवणारे, फुलवाले, वकील, पाळणाघर, कुत्र्यांचा दवाखाना.  एका वकिलाने बसा म्हटलं तर त्यांना रडूच फुटलं, आणि वकिलाला वाटलं घटस्फोटाचं प्रकरण आहे. त्याने लगेच दार लोटून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच विचारलं, "मारतात का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या, "विकलं जात नाही."

गुरुवारी त्या खोलीत परत आल्या तेव्हा फोन वाजत होता. दादा शेजारीच बसले होते आणि उचलत नव्हते.

"पायवाली आहे," दादा म्हणाले. "वाजू दे."

पायवाली म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेतली मुख्य बाई. एका प्रदर्शनात दादांनी कोठाराच्या फुकट प्रती वाटल्या होत्या, चव बघायला म्हणून. त्यातली एक या बाईने नेली आणि तेव्हापासून फोनवर नुसता शिमगा. हे दिसत नाही, ते छापलं जात नाही, इथे दोनदा दाबावं लागतं. फुकटचं घेऊन वर तोंड, म्हणून दादांनी तिचा फोन उचलायचा नाही असा हुकूम काढला होता. झालं त्याला वर्ष.

वहिनी थकलेल्या होत्या. त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं, शिव्या खाव्या लागल्या तरी चालणार होतं. त्यांनी फोन उचलला.

"उचलला का एकदाचा!" पलीकडून आवाज आला. "मला वाटलं मेलात सगळे. अहो, रोज उघडते मी ते तुमचं कोठार, रोज! आणि एका माणसाची दोन मापं शेजारी शेजारी का दिसत नाहीत हो? जुनं बघायला मागे जा, नवं बघायला पुढे या. माझी मान मोडायची वेळ आली!"

वहिनी सवयीने "हो, हो, बघते," म्हणत होत्या आणि मध्येच थांबल्या. "रोज उघडता?"

"मग? त्याच्यावाचून चालतंय कुठे आमचं!"

वहिनींनी खुर्ची ओढून घेतली. ज्यांनी ज्यांनी छान म्हटलं त्यांतल्या एकानेही कोठार दुसऱ्यांदा उघडलं नव्हतं. आणि ही बया नावं ठेवत ठेवत रोज वापरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगितलं.

शुक्रवारी त्या भाऊजींना घेऊन गेल्या. तक्रार आतल्या यंत्राची आहे, तुम्ही एवढी दुरुस्त करून द्या, इतकंच त्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं, आणि बसमध्ये वहिनी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

कार्यशाळा एका जुन्या गोदामात होती. प्लास्टरची पांढरी धूळ सगळ्यावर बसलेली, खिडकीच्या कट्ट्यावरही. भिंतीवर खुंट्यांना पाय टांगलेले होते, मोठे, लहान, काही बुटासकट. एका कोपऱ्यात चामडं शिवायचं मशीन चाललं होतं. मध्ये दोन समांतर दांड्या, आणि त्यांना धरून एक ट्रकवाला चालून बघत होता. पायवाली त्याच्यापुढे स्टुलावर बसून त्याच्या पावलांकडे बघत होती. बुटकी, जाडजूड, ॲप्रनच्या खिशात टेप.

"टोचतंय," ट्रकवाला म्हणाला.

"टोचणारच. सुटलास किती बघ," बाई म्हणाली आणि याही दोघांना विषय कळेल असं मोठ्याने बोलायला लागली. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो तिचं माप सारखं बदलतं. माणूस सुटतो, वाळतो, आजारी पडतो, पाय सुजतो, उतरतो. नवी वाटी करताना नुसतं आजचं माप घेऊन भागत नाही. पूर्वी कुठल्या मापावर तो सुखाने चालत होता ते बघावं लागतं. "आधीच्या कॉम्प्युटरात नवं लिहिलं की जुनं गेलं. कागद ठेवले तर हे प्लास्टर खातं त्यांना. तुमच्या कोठारात मात्र सगळं जिथल्या तिथे. हा माणूस पहिल्यांदा आला तेव्हापासूनचं." मग भाऊजींकडे वळून, "पण मेल्या, शेजारी शेजारी का नाही दिसत?"

भाऊजी हसले. वहिनींनी त्यांना कित्येक महिन्यांत हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी एक डबा पालथा घातला, त्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि कामाला लागले. बाई मागे उभी राहून सूचना देत होती, ते "हं, हं" करत होते, मध्येच वाद घालत होते. भाऊजी वाद घालत होते! चहा निवून गेला. मग त्यांनी पडदा फिरवला आणि ट्रकवाल्याची दोन मापं, मागच्या खेपेचं आणि आजचं, शेजारी शेजारी उभी राहिली. बाईने वाकून बघितलं, टेप काढला, ट्रकवाल्याच्या पायाला एका जागी लावला आणि ओरडली, "इथे! इथे वाढलास तू!"

तिघेही हसायला लागले. चौथा ट्रकवालाही, दांडीला धरून.

"असलं आमच्या प्रत्येक कार्यशाळेला हवंय," बाई म्हणाली. "आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो. सगळ्यांची हीच रड. मी सांगते त्यांना. पाय झाले, हात झाले, पाठीचे पट्टे झाले. गेलं वर्षभर हेच सांगायला तर फोन करतेय."

वहिनींनी टेबलाला हात टेकला. सापडला. बाजार सापडला! ज्यांना जुनं पुसलेलं नको आहे अशी माणसं या जगात होती, आणि त्यांच्याच दारात आपण गेलो नव्हतो.

"फक्त एक," बाई म्हणाली. तिने खुंटीवरचा एक लहानसा पाय काढला. "हा जिचा आहे ती पोरगी उद्या येणार आहे. ती वाढेल, हिला दर वर्षी नवा लागेल. मग लग्न होईल, पोटुशी राहील, वजन वाढेल. म्हातारी होईल. प्रत्येक वेळी तिचं मागचं सगळं मला लागणार, मला नाही तर माझ्यामागून येईल तिला. तुमच्यात ठेवलं आणि तुम्हीच उठून गेलात तर? तेव्हा फोन उचलायला कोण आहे?" तिने हनुवटीने भाऊजींकडे दाखवलं. "हे असतील ना?"

भाऊजी बुटांकडे बघायला लागले. मग त्यांनी मान वर केली आणि वहिनींकडे बघितलं.

ती नजर वहिनींना पाठ होती. दोन्ही वेळा नोकरी नाकारताना त्यांनी असंच बघितलं होतं. आता काही बोलायचीही गरज नव्हती. वहिनी नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी भाऊजींनी "असेन" म्हटलं असतं, आणि म्हटलं की मरेपर्यंत पाळलं असतं. या कार्यशाळा हो म्हणणार, मग त्यांच्या समित्या बसणार, मग कधी तरी पुढच्या वर्षी सह्या होणार. तोपर्यंत जाऊ उभ्याने पाकिटं भरत राहिली असती. आणि वहिनींनी तिला थांबवलंही नसतं, अगदी शब्दाला जागून! वहिनींना स्वतःची शिसारी आली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे नसतील. दुसरीकडे चाललेत."

"वहिनी!" भाऊजी म्हणाले.

"आणि यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला यातलं कळत नाही," वहिनी बाईकडेच बघत म्हणाल्या.  "तुमच्या सगळ्या नोंदी दुसरीकडे चालतील अशा काढून देऊ. जुन्यासकट. तेवढं नक्की करू."

बाईने हातातला पाय उलटसुलट करून न्याहाळला. "आजवर जे जे विकायला आले ते सगळे हो म्हणाले," ती म्हणाली. "त्यांच्यातले निम्मे आता फोनवर सापडत नाहीत. तुम्ही खरं बोललात, आणि मला तुम्हालाच नाही म्हणावं लागतंय. वर्षापूर्वी फोन उचलला असतात तर बाई..." तिने पाय पुन्हा खुंटीला लावला आणि ट्रकवाल्याला म्हणाली, "चल, चाल परत."

फाटकाबाहेर आल्यावर भाऊजींचा बांध फुटला. "तुला कोणी सांगितलं माझ्या वतीने बोलायला? मी राहिलो असतो! सापडलं होतं ना आपल्याला? सापडलं होतं की नाही?"

"हो, सापडलं होतं," वहिनी म्हणाल्या. "फोन लावा."

"कोणाला?"

"नोकरीवाल्यांना. आत्ता, माझ्यासमोर. घरी जाऊन यांचं तोंड बघितलंत तर लावणार नाही तुम्ही."

भाऊजींनी फोन लावला. वहिनी त्यांचा सदरा दंडाजवळ मुठीत धरून उभ्या होत्या, लहान पोराला रस्ता ओलांडताना धरतात तशा. "हो, येतो," ते म्हणाले. "हो, नक्की." मग बस आली. बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून रडत होत्या आणि भाऊजी तिकीट दुमडून दुमडून पुन्हा उलगडत होते.

दादा जिन्यातच उभे होते. कार्यशाळेत भाऊजीही गेलेत हे त्यांना रंगवाल्याकडून कळलं होतं. "काय झालं? काय म्हणाली पायवाली?"

वहिनींना काहीही सांगता आलं असतं. पण इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ती गोष्ट आपोआपच तोंडातून बाहेर पडली. "अहो, बाजार सापडला."

दादा पायरीवर बसले.  आणि एकदम बोलायलाच लागले. "माप बदलतं त्यांचं! म्हणून! अगं, पायच कशाला, हात घे, कवळ्या घे, चष्मे घे, बहिऱ्यांची यंत्रं घे. शरीरावर बसणारं सगळं आपलंच की! मी गाढव. सगळ्यांसाठी, सगळ्यांसाठी करत बसलो, आणि ती बिचारी फोन करतेय!" ते हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या भावाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "आता कुठे जातोस रे? आता तर सुरू होतंय!"

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं.

"तुम्ही घरी जा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "जाऊबाई वाट बघत असेल. यांना मी सांगते."

भाऊजी जिना उतरून गेले. वहिनी दादांच्या शेजारी पायरीवर बसल्या. दादांचं चाललंच होतं, कुठल्या कार्यशाळेत आधी जायचं, कोणाला सांगायचं, आता तुला इतकं हिंडायला नको.

"अहो," वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जरा थांबा. माझं ऐका."

"सांग ना," दादा म्हणाले आणि हसऱ्या तोंडाने त्यांच्याकडे वळले.